जगाचं जुळं

११ एप्रिल

जग मिळालं!

अख्खं जग — जमीन, समुद्र, सगळं! फेमकेचा फोन आला तेव्हा मी पीठ मळत होते. फोन पिठाने माखला तरी सोडला नाही. सप्टेंबरात आपल्या किर्गिझस्तानात, सरोवराकाठी, चोल्पोन-आताच्या नव्या सभागृहात हवामानाची मोठी परिषद भरणार आहे. देशोदेशीचे लोक येणार, भांडणार, जेवणार. आणि त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर लागणार आमचा अंथरायचा शिरदाक. जाड लोकरीच्या नमद्यात कापलेला जगाचा नकाशा. छापलेला नाही, रंगवलेला नाही — आमच्या कोचकोरच्या अंगणात कापून शिवलेला!

फेमके डच. सभागृहाच्या आतल्या सजावटीचं काम तिच्या कंपनीकडे आहे. "बुरुल, जमेल ना?" तिने आपल्या त्या मोडक्या रशियनमध्ये विचारलं. मी म्हटलं, "देवाने जग केलं तेव्हा त्याच्याकडे सल्तानत नव्हती. माझ्याकडे आहे. त्याच्यापेक्षा बरं करून देते." ती खूप हसली. मग म्हणाली, मालक स्वतः भिंत बघायला येणार आहे. आवडली तर दरवर्षी काम — हॉटेलं, विमानतळ, काय काय.

हे शेवटचं वाक्य मी सल्तानतला दोनदा ऐकवलं. सल्तानत माझी धाकटी जाऊ. तिच्यासारखी नमदा कापायची पाती साऱ्या खोऱ्यात कुणाची चालत नाही. आणि बाईसाहेब निघाल्यात रशियाला! येकातेरिनबर्गला, कुठल्याशा गोदामात खोकी भरायला. तिची मावसबहीण तिथे आहे. मोठी म्हणून मला एजे म्हणते, नि वर विचारते, "इथे काय आहे, एजे? मेंढ्या आणि तू." आमच्या गल्लीत निम्म्या दारांना कुलपं आहेत. ही गेली की मागोमाग बाकीच्या जातील, मग आमचा शिरदाकांचा कारखाना म्हणजे मी आणि म्हातारी उलकान आपा आणि आपाची खोकल्याची बाटली. जाऊ देणार नाही. एकीलाही नाही. भिंत आवडायलाच हवी.

१४ एप्रिल

सरकारी समितीतले रुस्लान सगिनोविच येऊन गेले. टाय, बूट, पेंढ्यात जपून पावलं टाकत. त्यांची एकच मागणी — आपला देश मध्यभागी हवा.

मी म्हटलं, तो असणारच. शिरदाक मधूनच सुरू करतात. आणि मधे आपण नाही तर काय दुसऱ्याला बसवायचं? ते इतके खूश झाले की तीन वाट्या चहा प्यायले. जाताना कुजबुजले, "सीमारेषांचं मात्र बघा हं. एक रेघ चुकली तर मला फोन येतील." म्हटलं, नमद्यात रेघा नसतात. जमीन आणि पाणी, बस्स. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी शांतता पसरली!

५ मे

नमदे झाले. आठवडाभर गरम पाणी, साबण आणि पाय. चटईत लोकर गुंडाळायची, दोरी बांधायची आणि सगळ्याजणींनी वरून नाचायचं. शेजारच्या पोरी, सुना, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं त्याही आल्या. एक नमदा विटकरी, एक निळा. विटकरी जमिनीला, निळा पाण्याला. निळा रंग पहिल्या झटक्यात लागला. उलकान आपा म्हणाली, मी आयुष्यात समुद्र बघितला नाही, पण असाच असणार. म्हटलं, आपा, नसला तर त्याने सुधारावं.

९ मे

फेमकेचं चित्र आलं. केवढा कागद! जमिनीवर पसरला तर कोंबड्या वर चढल्या.

सल्तानत त्यावर ओणवी झाली. समुद्रभर बारीक बारीक ठिपके. "ही काय घाण आहे, एजे? मशीनने शाई सांडलीय."

मी काय शाळा शिकले नाही? बेटं आहेत ती, सांगितलं. पण आईचा नियम — अंगठ्यापेक्षा लहान तुकडा कापायचा नाही. तो टाका धरत नाही, वर्षभरात सुटून येतो, आणि त्याच्या जागी भोक पडतं. फेमकेला फोन लावला. "सगळी लहान बेटं जातील?" म्हटलं, "लोकरीचे कायदे तुझ्या कंपनीहून जुने आहेत." मग म्हणाली, ठीक आहे, लोकर म्हणेल तसं.

आजवर अंगठ्याने मला दगा दिलेला नाही.

२ जून

कापलं!

काय हात आहे त्या बाईचा! विटकरी नमद्यावर निळा ठेवला, चित्र वर खडूने उतरवलेलं, आणि सल्तानतने एका पातीत दोन्ही थर एकदम कापत नेले. आफ्रिकेला वळसा घालताना श्वाससुद्धा घेतला नाही. आम्ही सगळ्या गप्प. उलकान आपा तेवढी बडबडत होती, तिला थांबवणारा अजून जन्मायचा आहे.

मग तुकड्यांची अदलाबदल. विटकरी जमीन निळ्या समुद्रात बसवली — हे आपलं जग. आणि उरलं ते? निळी जमीन, विटकरी समुद्र! शिरदाकचं हे असंच असतं, एका पातीखाली नेहमी दोन निघतात. काही वाया जात नाही. एरवी फुलं आणि मेंढ्याची शिंगं असतात, उलटी काय नि सुलटी काय, दोन्ही छान. पण आज ते दुसरं जग बघून आम्ही हसून हसून लोळलो. सल्तानत म्हणाली, "बघ, इथे रशिया पाण्याखाली आहे. आता कुठे जाऊ खोकी भरायला?"

मी म्हटलं, कुठेच नको जाऊस.

ती हसायची थांबली. पाती पुसत बसली.

३ जून

काल रात्री आईची आठवण आली, म्हणून लिहून ठेवते. ती जुळ्यांच्या बाबतीत कडक होती. एका पातीखाली कापलेली दोन — एक आपल्या घरी, आणि दुसरं ज्या घरी जाईल ते घर आपलं व्याही. सोयरिक झाली, संपलं. मी लहान असताना वसंतात नदीने खालच्या वस्तीतलं एक घर नेलं. त्या घरच्या बाईने घोड्यावर फक्त जुळं लादून आणलं होतं. आमच्या दारात पसरलं. आईने 'कशा आलात' एवढंही विचारलं नाही, सरळ आमची गादी सरकवली. दोघी एकमेकींना 'विहीणबाई' म्हणायच्या. माझ्या रजईत त्यांची मुलगी झोपायची आणि लाथा मारायची. कितीतरी दिवस राहिले.

आता कोण पाळतंय? पर्यटक येतात, एक एक विकत नेतात. जुळी कुठल्या कुठे जातात. मीच विकते की!

२० जून

रुस्लान सगिनोविचांनी उलटं जग बघितलं. चेहरा उतरला. "हे झाका! कुणी फोटो काढला तर? परिषद हवामानाची आहे, बुरुल एजे! जमिनीच्या जागी पाणी!" झाकते म्हटलं. ते गेल्यावर त्यावरच बसून आम्ही मटण भरलेल्या, वाफवलेल्या मांती खाल्ल्या. रशियावर तेल सांडलं.

ऑगस्ट, तारीख विसरले

शिवण, शिवण, शिवण. बोटं सुजली. जोडावर लावायची दोरी उलकान आपा एकटी पिळते आहे. एक धागा उजवीकडे, एक डावीकडे, अशा जोडीने. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. किर्गिझस्तानच्या जागी मी मेंढ्याचं शिंग घातलंय. छोटंसं. अंगठ्याएवढं!

सल्तानतने तिकिटाबद्दल चौकशी केली. मला शेजारणीकडून कळलं. मी तिच्या पानात जास्तीचं लोणी घातलं.

८ सप्टेंबर

लागलं! भिंतीवर लागलं!

नकाशा मळू नये म्हणून त्याच्याच जुळ्यात गुंडाळून आणला, ट्रकच्या टपावर. घाटात मी मागे बघत होते, जणू लग्नाची नवरी पाठवतेय. सभागृहात शिडीवाल्यांनी वर चढवला आणि मी दाराशी जाऊन बघितलं. काय सांगू! इतकं मोठं आणि इतकं मऊ. मधे आपण. उजवीकडे तो अफाट निळा, एकसंध, कुठेही चीर नाही. फेमके रडलीच. ती उंच बाई रडते तेव्हा खूप वरून रडते.

परवा उद्घाटन. उद्या संध्याकाळी फेमकेचा मालक येणार. सल्तानतला म्हटलं, "आता बोल. काय आहे इथे?" ती म्हणाली, "बरा झालाय." तिच्या तोंडून 'बरा' म्हणजे माझ्यासाठी सोन्याचा हार!

९ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं, एकात एक गुंतायच्या आत.

सकाळी भिंतीवरची धूळ झटकायला गेलो, मी, सल्तानत, आपा आणि आणखी चौघी. सभागृहात एक बाई एकटीच फिरत होती. माझ्याच वयाची, धिप्पाड, सावळी, केसात कागदी फुलांचा गजरा आणि अंगावर कुणाकडून तरी मागून घेतलेला हिवाळी कोट. टेबलांवरच्या पाट्या वाचत होती. पुन्हा पुन्हा. मग फेमकेशी इंग्रजीत बोलली.

झालं असं होतं — तिची पाटीच नव्हती! तिच्या देशाचं नाव लिहितात 'किरिबाती', म्हणतात 'किरिबास'. आमच्या शेजारची खुर्ची. समितीच्या माणसांना वाटलं 'किर्गिझ' चुकीचं छापलंय. पाटी उचलून कचऱ्यात टाकली आणि तिथे आमची दुसरी पाटी लावली! आमच्या दोन पाट्या, शेजारी शेजारी. हे आमचेच लोक करू जाणे. मला हसू फुटलं. तीसुद्धा हसली, मोठ्याने, दात दाखवून. बाई आवडली मला.

नाव तेरेतिया. मग ती नकाशासमोर आली. आणि थेट उजवीकडे गेली, त्या निळ्याकडे. खूप खूश होऊन काहीतरी बोलली. फेमकेने सांगितलं: "म्हणते, सगळे नकाशे आमच्या देशाच्या मधूनच जगाची कड काढतात. अर्धा देश या टोकाला, अर्धा त्या टोकाला. आज पहिल्यांदा आमचा समुद्र अख्खा बघते आहे."

मी मान ताठ केली. म्हटलं बघा, मधून सुरुवात केल्याचा फायदा!

ती बोटाने निळा चाचपत राहिली. खाली, वर, पुन्हा खाली. डोळे अगदी जवळ नेले. मग बोट एका जागी थांबलं. तिथे काहीच नव्हतं. ती हळू आवाजात काहीतरी बोलली. मी फेमकेला म्हटलं, सांग ना गं, काय म्हणाली?

"म्हणाली, आम्हाला बुडायला अजून अवकाश होता. तुम्ही आधीच बुडवलंत."

माझ्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. आणि मला राग आला! तिचा नाही, कशाचा तेही कळेना, पण आला. मी सुरू झाले — आमचं पाणी तुमच्या समुद्रात येतच नाही! आमची चू नदी वाळवंटात जाऊन मरते, आमचं सरोवर बंद आहे, आमचा बर्फ वितळला तरी तुमच्याकडे एक थेंब येत नाही. आम्ही काय केलं तुमचं? आणि अंगठ्यापेक्षा लहान तुकडा टिकत नाही, हा आईचा नियम आहे! अंगठा तिच्या नाकासमोर धरला.

फेमकेने किती भाषांतर केलं देव जाणे. तेरेतिया माझा अंगठा बघत राहिली. मग तिने फोन काढला आणि मला एक फोटो दाखवला. विमानातून काढलेला. निळ्या पाण्यात एक बारीक कडं. मधेही पाणी, बाहेरही पाणी, आणि जमीन म्हणजे फक्त ते कडं. तिचं बेट. मराकेई.

उलकान आपा वाकून आली. तिने चष्मा पुसला, फोटो बघितला आणि माझ्यावर खेकसली: "अगं, हा कुठे तुकडा आहे? ही दोरी आहे! दोरीला कुठला आलाय अंगठा?"

दोरी! जोडावरची पिळलेली दोरी. हिचं बेट कापायचंच नव्हतं. शिवायचं होतं.

मी सल्तानतकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी मालक येणार. नकाशा भिंतीवर राहिला तर काम आपलं, एवढी साधी गोष्ट. खाली उतरवला आणि वेळेत वर गेला नाही तर संपलं — मग तिचं तिकीट, गोदाम, खोकी. मी तिला स्पष्ट विचारलं, "तुझ्यावर आहे. काय करू?" तिने डोक्याचा रुमाल मागे घट्ट बांधला. "शिडी आण, एजे. चर्चा नंतर."

उतरवला! शिडीवाले ओरडत होते, आम्ही उतरवला. खाली फरशी थंड होती म्हणून आधी जुळं पसरलं, त्यावर बसलो, आणि मांडीवर समुद्र घेतला. तेरेतिया आमच्यात मांडी घालून बसली. तिने एक नाव घ्यायचं, बोटाने जागा दाखवायची, आम्ही दोरीचं कडं शिवायचं. तारावा. आबेमामा. नोनोउती. बुतारितारी — हे नाव सल्तानतला इतकं आवडलं की शिवताना ती ते गुणगुणतच होती. प्रत्येक नावाला आपा विचारायची, "तिथे कोण राहतं?" तेरेतिया सांगायची, तिथे माझी आत्या, तिथे मी शाळेत शिकवत होते, तिथे कुणी नाही, पक्षी. मराकेई तिने स्वतः शिवलं. टाके वाकडे. मी उसवले नाहीत.

तिची बेटं संपली तसं फेमकेने चित्र काढून दुसऱ्यांची वाचायला घेतली. सगळ्या समुद्रातली. चहा झाला. तळलेले बोर्सोक खाल्ले, निळ्यावर चुरा पडला, झटकला.

तेवढ्यात रुस्लान सगिनोविच. दारातच हंबरडा. "हे काय! उद्या उद्घाटन! कुणाच्या परवानगीने!" तरातरा चालत आले. मी हात वर केला. "आधी बूट काढा, मग ओरडा. तुम्ही हिंदी महासागरावर उभे आहात." त्यांनी खाली बघितलं, खरंच काढले. मग मोज्यांत उभं राहून त्यांना ओरडता येईना. शेवटी मी त्यांना सांगितलं, तुम्ही कचऱ्यात टाकलेली पाटी शोधून आणा. गेले बिचारे! आणि आणली. बाहीने पुसून तेरेतियाच्या हातात दिली. माणूस वाईट नाही.

मालक आला तेव्हा नकाशा नुकता वर चढत होता. खालची कड जरा लाटा खात राहिली. मी म्हटलं, समुद्र आहे, सपाट कसा असेल? तो लांबून बघेना. सरळ भिंतीपाशी गेला आणि त्या कड्यांवरून हात फिरवला. "हे चित्रात नव्हतं." फेमके म्हणाली, चित्रात होतं, आम्ही विसरलो होतो, यांना आठवलं. जाताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "पुढच्या वर्षी काय कराल?"

सल्तानत पाठ फिरवून शिडी घडी करत होती. खांदे हलत होते. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

१० सप्टेंबर

उद्घाटन. भाषणं. भाषणं. आपा झोपली.

आमच्या पाटीशेजारी तिची पाटी. तेरेतिया बोलायला उठली तेव्हा तिने सगळ्यांना मागे वळून भिंत बघायला लावलं. एवढे मोठे मोठे लोक, माना वळवून आमचे टाके बघतात! ती म्हणाली, काल दुपारपर्यंत या भिंतीवर मी नव्हते. आज आहे. भिंतीवर जागा करायला मोठी माणसं लागली नाहीत, सात बायका पुरल्या. आता बाकीचं तुम्ही करा. — टाळ्या. बाकीचं कोण करतंय देव जाणे.

११ सप्टेंबर

ती निघाली. सकाळी सरोवराकाठी गेलो. तिने पाणी चाखलं आणि आश्चर्याने ओरडली — खारट! तुमचाही समुद्र आहे की! म्हटलं, आहेच मुळी, फक्त तो कुणाला बुडवत नाही.

मग तिने विचारलं ते जुळं कितीला द्याल. आम्ही फरशीवर अंथरलेलं! तेलाचे डाग, बोर्सोकचा चुरा! मी म्हटलं, बाई, तो उलटा आहे. समुद्राच्या जागी जमीन. ती म्हणाली, उलटा तुमच्यासाठी. आमचं गाव, शेत, रस्ता, सगळं पाण्यातच. जमीन म्हणजे मधे विसाव्याला. आमच्या घरात हाच सुलटा. तिच्या भाषेत एक शब्द आहे — 'आबा'. जमीन म्हणजे आबा, आणि त्या जमिनीवरची माणसं म्हणजेही आबा. वेगळे शब्दच नाहीत. आमच्यात आबा म्हणजे काका. खूप हसलो दोघी.

फेमके किंमत सांगायला लागली. मी तिला गप्प केलं. आईचा दुसरा नियम आठवला. म्हटलं, जुळं विकत नसतात. एक इथे, एक तुमच्याकडे, म्हणजे आजपासून आपण विहिणी. तुमच्या घराला काही झालं तर माझं दार. माझ्या घराला काही झालं तर तुमचं. फेमकेने सांगितलं. तेरेतियाने मान हलवली, गंभीरपणे, सगळं समजल्यासारखी. मग मला अशी मिठी मारली की बरगड्या मोडायच्या. "वि-ही-ण," ती म्हणाली. शिकली पण!

सल्तानत गाडीत म्हणाली, "एजे, तुझं काय जातंय म्हणायला. एवढ्या लांबून कोण येतंय!"

मी म्हटलं, म्हणून तर म्हटलं.

४ ऑक्टोबर

करार आला! तीन देशांतली तीन हॉटेलं. सल्तानतने मावसबहिणीला फोन करून सांगितलं, येत नाही, उलट तूच ये, पाती धरायला शिकवते. आणि ती येते आहे! आल्याबरोबर तिला आधी पाय चालवायला लावीन.

निम्मी गल्ली उघडी होईल की नाही माहीत नाही. एक कुलूप तरी निघालं.

१८ नोव्हेंबर

बर्फ. निळा रंग संपला, बाजारात नाही. उलकान आपा खोकते आणि दोरी पिळते.

२७ डिसेंबर

तेरेतियाचा फोटो आला, फेमकेमार्फत. चटयांचं घर, चारी बाजूंनी उघडं, आणि मधे आमचं जुळं. त्यावर पोरं लोळताहेत. एक अगदी छोटं, रशियावर, तेलाच्या डागावर झोपलंय. फोटो कारखान्यात लावला. नवीन येणाऱ्या बाईला आम्ही सांगतो, हे आमचे व्याही.

१६ जानेवारी

विमानतळाचं काम मिळालं! नवा निळा लागला, आधीच्याहून सुंदर. सल्तानतने दोन मुलींना पाती धरायला दिली. ओरडते किती! माझ्याच आवाजात ओरडते. आता मी मेले तरी चालेल. पण मरणार नाही, कामं पडलीत.

२१ फेब्रुवारी

फेमकेचा फोन. मी पीठ मळत होते.

मोठी भरती आली होती. समुद्र तेरेतियाच्या घरातून आरपार गेला. विहिरीत खारं पाणी. माणसं सुखरूप आहेत, जुळं नारळीच्या बुंध्याला बांधून ठेवलं होतं, तेही आहे. तिने निरोप पाठवलाय, फेमकेने जसाच्या तसा वाचला: "विहीणबाई, आबाला जागा आहे का?"

फेमके म्हणाली, शब्दाचा अर्थ मी विचारू का तिला, जमीन की माणसं? म्हटलं, नको. कळलं मला. सल्तानत दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली आणि मागच्या खोलीतली लोकरीची पोती बाहेर काढायला लागली.

हात धुतले, उत्तर लिहिलं. आधी 'ये' लिहिलं होतं. ते खोडलं, 'या' केलं.